पुलाचं बारसं

पूल वाहून गेला होता, आणि राजसभा त्याचं नाव ठरवत होती.

म्हणजे वाहून गेलेल्या पुलाचं नव्हे. नव्या, अजून न बांधलेल्या पुलाचं. दिवाणजींनी तसा कायदाच केला होता. ज्याला नाव नाही, त्यावर खर्च टाकता येत नाही. टाकायचा कुणाच्या नावावर? मुद्दा बिनतोड होता. दिवाणजींना पुलाला आपल्या आजोबांचं नाव हवं होतं, सेनापतींना आपल्या दिवंगत घोडीचं. राजपुरोहितांनी पुलाची रास काढली होती आणि नाव 'ढ'वरूनच यावं, असा त्यांचा आग्रह होता. मधल्या वेळात सभा अगदीच रिकामी बसली नव्हती. महाराज उठेपर्यंत कोंबड्यांनी आरवू नये, हा कायदा तिने करून टाकला होता.

नदीपलीकडच्या कातळवाडीची गोजरा दरबारात आली, तेव्हा चर्चा घोडीपर्यंत पोचली होती. गोजराच्या काखेत दात येऊ घातलेली लेक होती. वैद्य काय तो राजधानीत, नदीच्या या काठाला. मागच्या तापात तिने लेकीला टोपलीत घालून, टोपली डोक्यावर धरून, कमरेभर पाण्यातून आणलं होतं. आता वैशाख सरत आला होता. एकदा नदी भरली की टोपलीचाही उपयोग नव्हता.

"महाराज, मला सभेतलं फारसं कळत नाही," गोजरा म्हणाली. "चुकत असेन तर सांभाळून घ्या. पण आधी पूल बांधला आणि मग नाव ठेवलं, तर नाही का चालणार?"

सभा हसली.

"बाई, राज्य कायद्यानं चालतं," दिवाणजी म्हणाले. "नाव ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

"नावं तर आम्ही गावात रोज ठेवतो, दिवाणजी. पूल काही उभा राहिला नाही त्यानं."

आता सभा हसली नाही. महाराजांच्या कपाळाला आठी पडली.

"एवढी जीभ चालते, तर तूच ठेव नाव," ते म्हणाले. "उद्या सकाळी ये. असं नाव आण की या सभेतला एकही जण हरकत घेणार नाही. जमलं, तर उद्याच सुतार लावतो. नाही जमलं, तर पुन्हा पुलाचं नावसुद्धा काढायचं नाही."

ही सभा आजवर जेवायला उठायचं की नाही, यावरही एकमत करू शकली नव्हती. आपण उगाच बोललो, असं गोजराला वाटलं. तसं ते तिला बहुतेक वेळा वाटायचंच.

सकाळी ती आली ती तांबारलेले डोळे घेऊन. लेक खांद्यावर आत्ता कुठे झोपली होती.

"ठरलं नाव?" महाराजांनी विचारलं.

"हो महाराज. कुणाची हरकत असेल तर आधी विचारून घेऊ का? दिवाणजी, तुमची?"

"नाव तरी कळू दे!"

"म्हणजे न ऐकलेल्या नावावर हरकत घेता येत नाही का हो? मला माहीत नाही, म्हणून विचारते."

"नाही येत," दिवाणजी नाइलाजाने म्हणाले. "कायद्यात तशी सोय नाही."

"सेनापती, तुमची?"

"न ऐकताच कशी घेणार?"

"आणि पुरोहितकाका?"

राजपुरोहितांनी विचार केला. "ढ-वरून असेलही," ते म्हणाले.

"म्हणजे महाराज, एकाचीही हरकत नाही."

महाराज सिंहासनावर पुढे सरकले. "शब्दात धरतेस होय? आता नाव सांग."

"सांगते की. पण पुरोहितकाका, नाव ठेवायचं म्हणजे बारसंच ना? मग बारशात नाव आधी कुठं सांगतात, चारचौघांत की बाळाच्या कानात?"

इतक्या दिवसांत ठाम उत्तर देता येईल असं काही राजपुरोहितांना कुणी विचारलंच नव्हतं. "कानात!" ते म्हणाले. "आत्यानं आधी कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, मग ते जगाला. उलट केलं तर अपशकुन."

"मलाही तसंच वाटलं होतं," गोजरा म्हणाली. "जे सांगायचंय ते माझ्या ओठांवर आहे, महाराज. मला फक्त पुलाचा कान दाखवा."

दिवाणजींनी कायदे चाळायला घेतले. सेनापती छताकडे बघू लागले. महाराज आधी लाल झाले, मग त्यांची मिशी थरथरली आणि मग ते खदाखदा हसले.

"पाळणा रिकामा, आणि आपण बारशाला बसलोय! बोलवा रे सुतारांना!"

मृगाच्या आत पूल उभा राहिला. बारशाला अख्खी सभा पगड्या चढवून हजर झाली. गोजरा पहिल्या खांबापाशी वाकली, कुर्रर्र केलं आणि उठून उभी राहिली.

"मोठ्यानं सांग!" दिवाणजी ओरडले.

"आधी आत्याचा मान."

"तू पुलाची आत्या?" महाराज म्हणाले. "मग मी कोण?"

"बांधलात तुम्ही. म्हणजे बाप तुम्ही, आणि माझे भाऊ."

महाराजांनी बहिणीला जरीची साडी दिली, भाचीच्या पायात चांदीचे वाळे घातले. मग खाली वाकून हळूच म्हणाले, "आता भावाला खरं सांग. काय नाव ठेवलंस?"

"खरं सांगू, दादा? पोरीनं त्या रात्री डोळ्याला डोळा लागू दिला नाही. नाव काही सुचलंच नाही. मी नुसतं कुर्रर्र म्हणाले."

महाराजांना इतकं हसू आलं की त्यांना पुलाचा कठडा धरावा लागला. कठडा पक्का निघाला.