सगळ्या रेंज मोकळ्या

मंगळवारी डबे उघडले तेवढ्यात बातमी आली. शेजारच्या रुग्णालयात कोणीतरी डॉक्टरांच्या मोबाइलमधून शिरून रुग्णांच्या सगळ्या नोंदी पुसल्या होत्या. इथल्या रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या मृदुला खांबेटे डबा तसाच ठेवून उठल्या. आपल्याकडच्या नोंदी वाचवायला त्यांनी तासाभरात मोबाइल व्हीपीएनवर, म्हणजे डॉक्टरांचे फोन रुग्णालयाच्या सर्व्हरला जोडणाऱ्या वाटेवर, दोनच रेंज, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांचे दोनच पट्टे, मोकळ्या ठेवल्या: केसपेपरची आणि एक्स-रेची.

अधिष्ठाता घारपुरे तणतणत आले. "अहो बाई, मलाही बंदी? माझ्या फोनला सगळ्या रेंज मोकळ्या करा. आत्ता!"

"करते की, सर. मग तुमच्या फोनची सगळी ये-जा आपल्या सर्व्हरमधून होईल. दिवसभर कुठकुठल्या साइट उघडल्या, त्याची यादी रोज माझ्या टेबलावर येईल."

साहेबांनी घाईघाईने फोन खिशात टाकला.

"दोनच राहू द्या."

कुठल्या साइट, हे मृदुलाबाईंनी कधीच विचारलं नाही.