तांबूला काय दिसलं

माणसाला अजून उडायचं सुचलंही नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. एका तळ्याच्या मधोमध पाणकणसांची लांब रांग होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या सरळ पट्ट्या. डावीकडे हंस उतरत, उजवीकडे चक्रवाक. कोणी कुठे उतरायचं, ते बांधावरची टिटवी ओरडून सांगे.

एका संध्याकाळी दोन्ही थवे एकदमच खाली आले. चक्रवाकांचा म्होरक्या तांबू उजवीकडे वळायचा तो सरळ हंसांच्या पुढ्यात आला.

"तांबू, वर! वर हो!" टिटवी जिवाच्या आकांताने ओरडली. तांबू वर उसळला. त्याचे पाय म्होरक्या हंसिणीच्या पाठीला घासून गेले, एवढ्यावर निभावलं.

"आंधळा आहे मेला! याला पुन्हा पुढे उडू देऊ नका!" पाण्यावर टेकताच हंसीण कडाडली. सगळेच तुटून पडले. तांबू मान खाली घालून बांधाच्या कडेला सरकला.

टिटवी त्याच्याजवळ येऊन बसली. "तुला काय दिसलं रे, बाबा?"

"पाण्यावर ऊन चमकत होतं, मावशी. मधली कणसं दिसेचनात. दोन्ही पट्ट्या मला एकच वाटल्या."

गलका थांबला. मागून एक हंस म्हणाला, "परवा मलाही तसंच वाटलं होतं." मग आणखी तिघे बोलले. शेवटी हंसीणही पुटपुटली, "मलाही."

"मग सांगितलं का नाहीत?" टिटवीने विचारलं.

हंसिणीने तांबूकडे पाहिलं. "मी याला आता जे बोलले, तेच मला ऐकावं लागलं असतं."