केरबाची करसूट

पंचगंगेच्या काठी एका गावात केरबा चौगुले नावाचा एक भोळा पोरगा होता. गणितात मात्र त्याचा हात कुणी धरत नसे. त्या जोरावर तो शिकायला थेट परदेशात पोचला. निघताना आई म्हणाली, "तिथं अक्का सांगंल तसंच वाग."

अक्का म्हणजे सोलापूरची प्रणोती बिराजदार. त्याच कॉलेजात शिकणारी, शेजारच्या खोलीत राहणारी.

केरबा संध्याकाळी ग्रंथालयात पुस्तकं लावायचा. पगारातून कर कापला जायचा. अक्का म्हणाली, "अरे, शिकणाऱ्यांना करात सूट मिळते. कराच्या कचेरीत जाऊन माग."

केरबा गेला. खिडकीसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"काय हवंय?" बाईंनी विचारलं.

"सूट. छाती अडतीस. राखाडी द्या, लवकर मळत नाही."

बाईंनी त्याला कपड्यांच्या दुकानाचा पत्ता दिला.

अक्कानं कपाळावर हात मारला. "अरे, सूट म्हणजे सवलत! शिक्षणासाठी जे जे घेतलंस, ते दाखवायचं."

"असं होय! आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी केरबानं टेबल, खुर्ची, दिवा आणि पुस्तकांचं खोकं बसमध्ये चढवलं. कचेरीत टेबल मांडलं, दिवा लावला आणि अभ्यासाला बसला. रखवालदारानं त्याला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवलं.

"अरे, वस्तू कशाला न्यायची?" अक्का म्हणाली. "वस्तू घरी ठेवायची. पावती न्यायची!"

"असं होय! आता तसंच करतो."

रविवारी अक्कानं चार जणांना जेवायला बोलावलं. केरबाला सांगितलं, "येताना श्रीखंड आण." पुऱ्या फुगल्या, ताटं मांडली, सगळे श्रीखंडाची वाट बघू लागले. केरबानं खिशातून पावती काढली आणि अलगद वाटीत ठेवली.

"श्रीखंड कुठंय?"

"घरी ठेवलंय."

अक्का कडाडली, "कुणाकडं असं रिकाम्या हातानं जातात का? डबा न्यावा, हातात द्यावा, 'घ्याच' म्हणून आग्रह करावा!"

"असं होय! आता तसंच करतो."

सोमवारी तो श्रीखंडाचा डबा घेऊन कचेरीत हजर. साहेब म्हणाले, "नको." केरबा म्हणाला, "घ्याच." साहेब मागं सरकले. केरबा पुढं सरकला. साहेब भिंतीला टेकले, तसा केरबानं चमचा त्यांच्या तोंडात घातला. लाच दिली म्हणून त्याला धरून बसवलं. मग साहेबांना चव आवडली म्हणा, की दया आली म्हणा, सोडून दिलं.

अक्का रडकुंडीला आली. "सरकारी माणसाच्या हातात काही म्हणजे काही द्यायचं नाही! आणि हे बघ, शुक्रवारी मुदत संपतेय. शिक्षण वजा कर आणि रिटर्न करून टाक. माझंही अजून राहिलंय, पण आधी परीक्षा. आता मला त्रास देऊ नकोस!"

"असं होय! आता तसंच करतो."

केरबा कॉलेजच्या ऑफिसात गेला, काम उरकलं आणि तडक विमानतळ गाठला. तिथल्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट मागितला.

"हातात देणार नाही," केरबा म्हणाला. "तुम्ही सरकारी माणूस."

शेवटी केरबानं पासपोर्ट काचेला चिकटवून धरला आणि अधिकाऱ्यानं मान वाकडी करकरून तो वाचला.

शुक्रवारी पहाटे केरबा आपल्या घराच्या दारात उभा! आईच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडली.

"आरं, आन् शिक्षण?"

"वजा केलं."

तेवढ्यात अक्काचा फोन. "केरबा, आहेस कुठं? रिटर्न केलंस का?"

"केलं की!" केरबानं छाती फुगवली. "मुदतीच्या आत घरी पोचलो. आणि अक्का, तुम्ही परीक्षेच्या गडबडीत, म्हणून माझ्याबरोबर कॉलेजातनं तुमचंही नाव काढून आलोय. आता तेवढं विमानाचं तिकीट तुम्ही काढा."