वीतभर डावीकडे

हत्यारं माणसांशी बोलायची त्या काळातली ही गोष्ट. रुमाल्या भिलाकडे त्याच्या आजीची कामठी होती. तुम्ही शिकलेली माणसं तिला धनुष्य म्हणता.

बाण चुकला की रुमाल्या चाकू घेऊन बसायचा. आज कामठीचं टोक तासलं, उद्या दोरी बदलली. इकडे रानडुकरानं अर्धा मका आडवा केला होता, आणि घराचं वर्षाचं खाणं तेवढंच होतं.

त्या दिवशीही बाण चुकला. चाकू खुशीत म्हणाला, "आण त्या म्हाताऱ्या कामठीला! अजून थोडी तासू."

कामठीनं ते ऐकलं. आणखी तासलं तर ती मोडणारच होती. तरी तिला कीव आली ती रुमाल्याचीच. बिचारा रोज जणू नव्याच कामठीशी झगडत होता.

"बाळा, तुझी आजी कधी चुकली का रे?" कामठीनं विचारलं.

"कधीच नाही."

"मी तिच्या वेळीही बाण वीतभर डावीकडेच टाकायची. ती वीतभर उजवीकडे नेम धरायची, बस्स. आता तासून तासून किती टाकते, ते माझं मलाच कळत नाही. तीन दिवस मला आहे तशी ओढ. दोघं मिळून बघू."

रुमाल्यानं तीन दिवस मोहाच्या खोडावर बाण मारले. प्रत्येक बाण हातभर डावीकडे गेला.

चौथ्या दिवशी डुक्कर आलं. रुमाल्यानं त्याच्या उजवीकडे हातभर, मोकळ्या जागेवर नेम धरला. बाण थेट डुकराच्या पुठ्ठ्यात बसला आणि ते किंचाळत डोंगरापार पळालं.

"आता तिची ती वाकडी खोड काढू या?" चाकूनं विचारलं.

"खबरदार!" रुमाल्या म्हणाला. "तेवढी एकच तर मला कळलीय."