बुडणाऱ्या दुकानांचं जाळं

त्या राज्यात बाजारात बसायचा हक्क फक्त कोल्ह्यांना होता. बाकीच्यांनी रानातून माल आणायचा आणि कोल्हे देतील ते घेऊन परत जायचं. व्यापार रक्तात असावा लागतो, असं कोल्हे सांगत, आणि इतरांनाही ते खरं वाटू लागलं होतं.

त्याच राज्यात एका म्हाताऱ्या कोळ्याने मोठं जाळं विणलं. त्याचे धागे नदीपलीकडे आणि डोंगरावरही गेले होते. धाग्याच्या टोकाशी कुणीही बसावं, आपलं लुटुपुटीचं दुकान मांडावं. धागा हलवून भाव सांगायचा, हलवूनच सौदा करायचा. मध्येच कोळी खोटा दुष्काळ पाडी, नाहीतर खोटा पूर आणी.

रुंजी नावाची खार गंमत म्हणून खेळायला बसली आणि पहिल्याच डावात बुडाली. तिने सगळे आवळेच भरून ठेवले होते आणि गिऱ्हाइकांना हवी होती कंदमुळं. ती खूप हसली आणि पुन्हा मांडून बसली. पुन्हा बुडाली. हळूहळू ती माल भरण्याआधी गिऱ्हाइकाला विचारू लागली, भाव कधी धरायचा आणि कधी सोडायचा हे ओळखू लागली. एकदा तर पुरातही तिचं दुकान तगलं. त्या दिवशी ती फांदीवर नाचली.

पुढे आवळे विकायला गेल्यावर तिने म्होरक्या कोल्ह्याला विचारलं, "हाच आवळा तुम्ही चौपट भावाने विकता. मग आम्हाला एवढंच का?"

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. कोल्ह्यांनी माग काढला आणि ते जाळ्यापाशी आले.

"हे काय चाललंय?" म्होरक्याने दरडावलं.

"खेळ," कोळी म्हणाला.

"खेळच आहे ना? मग तोडला तर बिघडलं कुठे?"

"खेळच आहे ना?" रुंजी फांदीवरून म्हणाली. "मग घाबरलात कशाला?"

म्होरक्याने एका फटक्यात जाळं फाडलं. तुटलेले धागे वाऱ्यावर लोंबकळत राहिले. रुंजीला रडू आलं, आणि मग भयंकर राग आला.

बाजाराच्या दिवशी तिने कोल्ह्यांच्या ओळीतच पळसाची पानं अंथरली, आवळे मांडले आणि बसली.

"ऊठ," म्होरक्या म्हणाला.

"नाही उठणार."

त्याने लाथ मारली. आवळे चहूकडे घरंगळले. आता ही रडत पळेल म्हणून सगळे कोल्हे बघत राहिले. रुंजी मात्र हसतच आवळे गोळा करू लागली.

तेवढ्यात नदीपलीकडचं एक साळिंदर कंदमुळं घेऊन आलं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

"आवळे भरभरून बुडायची, ती तूच का गं?" त्याने विचारलं.

"आणि पुरात मला कंद देणारा तू?"

साळिंदराने शेजारी पानं अंथरली. त्याच्या पलीकडे डोंगरावरची घोरपड बसली. मग मुंगूस, मग कासव. ओळ वाढत बाजाराच्या वेशीबाहेर गेली.

म्होरक्याने पुन्हा पाय उचलला. आधी कुणाचं उधळावं ते त्याला कळेना. पाय तसाच अधांतरी राहिला, आणि त्या पायाखालून वाकून एक ससीण पुढे आली.

"आवळे कसे दिलेस गं?" तिने रुंजीला विचारलं.