केणीशेठ आणि बंद रस्ता

एका अफाट वाढलेल्या शहरात भालचंद्र केणी नावाचे भांड्यांचे व्यापारी होते. त्यांचे दुकान हमरस्त्याला लागून होते. त्या रस्त्याखाली मेट्रोचे स्टेशन खोदायला घेतले आणि रस्ता पत्रे लावून बंद केला. गाड्या लांबून वळून जाऊ लागल्या. केणीशेठचे गिऱ्हाईक आटले.

दिवसभर जमिनीखालून घरघर येई. फळीवरचे पितळी तांबे आपोआप किणकिणत आणि शेठच्या छातीत धस्स होई. पण त्यांना त्याहून मोठी भीती रिकाम्या दुकानाची होती. दिवाळी तोंडावर आली होती.

एके दिवशी कामावरच्या इंजिनिअर शाहीन मुजावर दुकानात आल्या.

"शेठ, समोरचा रस्ता खालून पोकळ झालाय. आम्ही आमची माणसंही वर काढलीत. तो भरून होईपर्यंत पत्र्यांच्या आत कुणालाही जाऊ देऊ नका."

"बरं," शेठ म्हणाले.

बाई भरावाच्या तयारीला पलीकडच्या टोकाला गेल्या. शेठने इकडेतिकडे पाहिले आणि कोपऱ्यावरचे दोन पत्रे बाजूला सारले. वरून तर रस्ता अगदी धड दिसत होता. मग त्यांनी जुन्या गिऱ्हाईक इंदूताई घैसास यांना फोन केला. इंदूताईंच्या मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायची राहिली होती.

"या आता खुशाल. रस्ता सुरू झालाय."

आधी एक स्कूटर आत शिरली. तिला पाहून टेम्पो शिरला. मग रांगच लागली. दोन माणसे दुकानाची पायरी चढली आणि शेठ खूश झाले.

तेवढ्यात तांबे किणकिणले. शेठने कान दिला. खाली घरघर नव्हती. यंत्रे बंद होती, तरी तांबे वाजत होते.

शेठ बाहेर धावले. डांबरावर एक बारीक भेग पुढे सरकत होती. ते पत्रा ओढू लागले, पण गाड्या थांबेनात. लोक हॉर्न वाजवत, ओरडत त्यांना चुकवून जात होते. एक रिक्षा त्यांना घासून आत गेली. तिच्यामागे माणसांनी भरलेली बस वळली. शेठ हात पसरून बससमोर उभे राहिले.

"अहो, मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला. "सगळे जातायत ना!"

शेजारचे दुकानदार बघत होते. खरे सांगितले तर या पेठेत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. बस हळूहळू पुढे सरकू लागली.

"रस्ता बंदच आहे!" शेठ किंचाळले. "पत्रे मी काढलेत! खाली पोकळ आहे!"

ड्रायव्हरचा चेहरा पांढरा पडला. त्याने करकचून ब्रेक दाबला आणि बस आडवी घालून वाट अडवली. त्याच क्षणी शेठच्या पाठीमागे रस्ता खचला. धुळीचा लोट उठला. पुढे गेलेली रिक्षा दिसेनाशी झाली आणि खड्ड्यातून बाईमाणसाची किंकाळी आली.

मजुरांनी दोर सोडून दोघांना वर काढले. रिक्षावाल्याला खरचटले होते. इंदूताईंचा पाय मांडीत मोडला होता.

बसमधली माणसे म्हणाली, "शेठ, तुम्ही होतात म्हणून वाचलो." शेठना ते ऐकवेना.

संध्याकाळी ते दवाखान्यात गेले आणि हात जोडून खाटेशी उभे राहिले. इंदूताईंनी त्यांच्याकडे पाहिले.

"रिक्षावाला आत यायला तयार नव्हता हो," त्या म्हणाल्या. "मीच त्याला म्हटलं, केणीशेठ सांगतायत म्हणजे रस्ता खुलाच असणार."

तात्पर्य: आपल्या नुकसानीच्या भीतीने जो समोरचा धोका झाकतो, तो धोका त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांच्या वाट्याला येतो.