दोडक्याला पळायचं होतं

फार जुनी गोष्ट, भाज्या अजून बोलायच्या तेव्हाची. यमूच्या कुंपणावर दोडक्याची वेल होती. तिच्यावरचे दोन भाऊ लोंबत लोंबत यमूचा लंगडीचा डाव बघायचे.

"आई, मला पण पळायचंय," थोरला म्हणायचा.

"आपल्याला पाय कुठले रे?" वेल म्हणायची. "आपण पोरांच्या पोटात जायचं आणि त्यांच्या पायांनी पळायचं. पण जून व्हायच्या आत. जून दोडका कुणी खात नाही."

थोरला वाट बघत राहिला. एकदाचा यमूच्या आईने त्याला खुडला. पण ताटात भाजी दिसताच यमूने नाक मुरडलं. "ई, दोडका! मी नाही जा!" आणि भाजी ताटाच्या कडेला सारली. खिडकीतून बघणाऱ्या धाकट्याचा जीव कासावीस झाला.

यमूची आई रागावली नाही. दोडक्याच्या तासून ठेवलेल्या शिरा तिने तीळ-खोबरं घालून तव्यावर परतल्या आणि भाकरीशी स्वतःच खाऊ लागली. कुरुम कुरुम.

"काय खातेस गं? मला दे की!"

"दोडकाच आहे बाई. तुला नाही चालायचा."

"चालतो!" यमूने चटणी संपवली, मग कडेची भाजीही, आणि अंगणात अशी सुटली की कुणाच्या हाताला लागेना.

"आई, दादा बघ कसा पळतोय!" धाकटा ओरडला. "मी कधी गं?"

"थोडा अंगाने भर."

तेव्हापासून दोडका घराच्या खिडकीकडे तोंड करून लोंबतो. खोटं वाटलं तर शेजारच्या कुंपणावरून डोकावून बघा. मी रोज बघते.